सातवीच्या वर्गाला पाणी शिकवायचे आहे : प्रयोग सुचवावेत

माणदेशी_मास्तर :
मी माण तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत सातवीला विज्ञान शिकवतो. वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या भागातील मुलांना ‘पाणी वाचवा’ असे सांगण्याची गरज नाही. टँकर सुरू झाला की वर्गातील निम्मी मुले हंडे घेऊन रांगेत असतात. जलचक्राची आकृतीही सर्वांना तोंडपाठ आहे. मात्र शेजारशेजारच्या दोन विहिरींपैकी एकीला पाणी आणि दुसरी कोरडी असे का, हे विचारले की वर्ग गप्प होतो. गेल्या वर्षी पाणी तपासणीची पेटी मागवली, तर तिच्यातील बऱ्याच रसायनांची मुदत उलटून गेलेली होती आणि विक्रेत्याने ती बदलूनही दिली नाही. त्यामुळे विकतच्या साहित्याविना वर्षभर चालवता येतील असे प्रयोग कोणी केले असल्यास कृपया कळवावेत.

काळा_पाषाण :
मी एकच सुचवतो : गावातील एक विहीर धरा आणि ती वर्षभर मोजा. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा घेते. तुमच्या मुलांना ती दर शनिवारी सकाळच्या शाळेत घेता येईल. सुतळी वापरू नका, कारण ती भिजली की आखडते आणि मग मुले आकड्यावरून भांडतात. मोजपट्टीच्या टोकाला एक लहान, जड, पोकळ डबी तोंड खाली करून बांधा. ती पाण्याला टेकताच ‘टप्प’ असा आवाज येतो आणि वाकून पाहावे लागत नाही. पट्टी तुम्ही सोडावी, मुलांनी कठड्यापासून दूर उभे राहून नोंद करावी. मोटार सुरू होण्यापूर्वीच मोजायचे, नाहीतर तुम्ही पाऊस नव्हे, उपसा मोजत राहाल.

दोन विहिरींच्या कोड्याचे उत्तर खडकात आहे. आपल्याकडचा बेसाल्ट लाव्ह्याच्या थरांवर थर बसून तयार झालेला असून, घट्ट काळ्या पाषाणात पाणी केवळ भेगांमध्ये राहते, तर झिजलेल्या मुरमात आणि सच्छिद्र थरांत ते बऱ्यापैकी साठते. विहीर खणताना कोणाला भेग लागते, कोणाला नाही. नव्या विहिरीच्या मालाच्या ढिगातून पाषाणाचा आणि मुरमाचा एकेक तुकडा आणून दोहोंवर पाण्याचे चार थेंब सोडा. एकावरून पाणी ओघळते, दुसरा ते पिऊन टाकतो. यापुढे आकृतीची गरज पडत नाही.

वळीव :
याला पर्जन्यमापकाची जोड द्यावी, कारण पावसाच्या आकड्याविना विहिरीचा आकडा अर्धाच राहतो. सरळ बाजूंची बाटली वरून कापा, कापलेला भाग उलटा नरसाळ्यासारखा बसवा, बुडाचा खाचखळग्यांचा भाग पाण्याने भरून तेथे शून्याची खूण करा. दररोज सकाळी साडेआठला वाचन घ्या. हवामान खातेही त्याच वेळी घेते.

मग छपराचे गणित येते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. १० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद छपरावर २० मिलिमीटर पडला, तर १,२०० लिटर. हजार लिटरची टाकी एका सकाळी भरून वाहू शकते, हे मुलांना प्रथम खरे वाटत नाही.

निवृत्त_बाई :
पाण्याचे रसायन शिकवायला पेटी कशाला हवी? दोन सारख्या बाटल्यांत पावसाचे आणि बोअरचे पाणी सारखेच घेऊन, साबणाच्या पाण्याचे मोजून दहा थेंब टाकून हलवा. जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या, पाण्यात फेस कमी होतो. अंगाचा साबणच घ्या. धुण्याच्या पावडरीने हा फरक नीट दिसत नाही. त्यानंतर घरी डाळ लवकर का शिजत नाही, हा प्रश्न मुली स्वतःच विचारतात.

वाळू-कोळशाची गाळणी करणार असाल तर सावध राहा. माझ्या वर्गात गाळून स्वच्छ दिसू लागलेले पाणी एका मुलाने तोंडाला लावलेच होते. गढूळपणा गेला तरी जंतू राहतात, हे प्रयोगानंतर नव्हे, आधी सांगावे. क्लोरीनसाठी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकांना वर्गात बोलवा; ओटी (ऑर्थोटोलिडीन) द्रावणाने क्लोरीन असलेले नळाचे पाणी पिवळे होताना ते दाखवतील. ते द्रावण मात्र मुलांच्या हाती देऊ नये.

माणदेशी_मास्तर :
सर्वांचे आभार. शाळेमागील विहिरीची पहिली नोंद या शनिवारी घेतली : कठड्यापासून ११ मीटर ४० सेंटिमीटर. मालकांनी परवानगी दिली, पण अट घातली की आकडा फळ्यावर लिहिण्याआधी तो त्यांना सांगावा. आता पुढच्या शनिवारी मुलांना त्यांच्याकडून एक गोष्ट विचारून घ्यायला सांगितली आहे : आठवड्यात मोटार किती तास चालली.