४० किमीनंतर चवड्याला आग होते आणि बोटं बधिर पडतात, काय करू?

चाकावरची_मी:
नमस्कार मंडळी. दोन वर्षं साध्या फ्लॅट पेडलवर सायकल चालवली, तेव्हा पायाचा कधी त्रास नव्हता. तीन महिन्यांपूर्वी क्लीटवाले शूज (तळाला पेडलमध्ये अडकणारा तुकडा, म्हणजे क्लीट, असलेले) घेतले आणि तेव्हापासून साधारण ४० किमी झाले की उजव्या पायाच्या चवड्याखाली निखारा ठेवल्यासारखी आग व्हायला लागते, मग तिसरं आणि चौथं बोट बधिर. थांबून शूज काढले की पाच-दहा मिनिटांत सगळं ठीक, परत घातले की अर्ध्या तासात पुन्हा तेच. पुढच्या महिन्यात पहिली १०० किमीची राइड आहे आणि मनापासून पूर्ण करायची आहे. ग्रुपमधले म्हणतात सवय होईल, पण मला हे सवयीचं वाटत नाहीये. दुसरे महागडे कडक सोलवाले शूज घ्यावेत का?

घाटवेडा:
सवय वगैरे काही होत नसते ताई, बधिरपणा म्हणजे नस दबतेय. बोटांच्या मागे जी पाच लांब हाडं असतात ना, त्यांच्या मधून नसा बोटांकडे जातात आणि शूज पुढे अरुंद असला की हाडं एकमेकांकडे ढकलली जातात आणि मधली नस चिमटीत सापडते. तिसऱ्या-चौथ्या बोटाच्या मधल्या नसेला हा त्रास सगळ्यात जास्त होतो, तुमचं वर्णन अगदी तेच आहे. आणि शूज दुकानात बरोबर बसला तरी तासा-दोन तासात पाय सुजतो, उन्हात तर जास्तच, म्हणून ४० किमीपर्यंत काही नाही आणि मग एकदम सुरू.

एक सोपी गोष्ट करून बघा. शूजमधला इनसोल बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभ्या राहा. चवडा इनसोलच्या कडेबाहेर सांडत असेल तर शूज अरुंद आहे, मग सोल कितीही कडक घ्या उपयोग नाही. अशा वेळी लांबीचा नंबर वाढवून भागवू नका, टाच आत सरकत राहते, रुंद फिटिंगचा शूज मागा आणि तो संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असताना घालून बघा, राइडला घालता तेच मोजे घालून.

तोपर्यंत पुढची पट्टी अगदी सैल ठेवा. पाय धरून ठेवायचं काम घोट्याजवळच्या पट्टीचं आहे, बोटांवरची नुसती टेकलेली पुरे. मोजे जाड असतील तर पातळ घाला.

पाना_आणि_ग्रीस:
वरचं सगळं पटलं, पण क्लीट कुठे लावलीय ते कुणी विचारलंच नाही! नवीन शूजवर दुकानदार बहुतेक वेळा क्लीट मधोमध किंवा पुढेच लावून देतात, माझ्याही तशाच लावल्या होत्या आणि मी वर्षभर आग सहन केली. क्लीट पुढे म्हणजे सगळा दाब बरोबर चवड्याच्या हाडांच्या टोकांवर.

शूज घाला, वरून चाचपून अंगठ्याच्या मुळाशी जे हाड बाहेर येतं तिथे टेपची खूण करा, तशीच करंगळीच्या मुळाशी. पेडलचा दांडा या दोन खुणांच्या मध्ये यायला हवा, आणि आग होत असेल त्यांनी करंगळीच्या खुणेकडे म्हणजे मागे सरकवायचं. आधी क्लीटभोवती पेनने रेघ मारून ठेवा म्हणजे बिनसलं तर परत जागेवर आणता येईल. एका वेळी २-३ मिमीच, मग दोन-तीन राइड करून बघा. क्लीट मागे गेली की पाय पेडलपर्यंत थोडा कमी पोचतो, सीट जराशी खाली लागू शकते, मिलिमीटर-दोन मिलिमीटर. एका दिवशी क्लीट, सीट, इनसोल सगळं बदललंत तर कशाने फरक पडला कळणारच नाही.

क्लीटचा रंग कोणता? शिमानोच्या रोडवाल्या असतील तर पिवळी ६ अंश हलू देते, निळी २, लाल अजिबात नाही. लाल असेल तर पाऊल जबरदस्तीने एका कोनात अडकतं आणि गुडघाही कुरकुरतो, त्यामुळे पिवळी लावा.

आणि गिअर! जड गिअरवर ६० च्या कॅडेन्सने (म्हणजे मिनिटाला पेडलच्या ६० फेऱ्या) रेटत असाल तर प्रत्येक फेरीला चवड्यावर जोर जास्त. हलका गिअर, ८५-९० कॅडेन्स. चढावर मधेमधे टाच थोडी खाली सोडा आणि शूजच्या आत बोटं हलवत राहा.

पोटरी_घट्ट:
वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहितो, प्रत्येक पायदुखी ही नव्हे. मला टाचेखाली दुखायचं, सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की कळ मस्तकात, चार पावलं चाललो की कमी. ते तळव्याच्या पट्ट्याचं दुखणं होतं, प्लान्टर फॅसायटिस, आणि मी क्लीट सरकवत बसलो. फरक पडला तो पोटरीच्या रोजच्या स्ट्रेचिंगने आणि बर्फाच्या बाटलीवर तळवा फिरवून, पण त्याला काही महिने लागले, चिकाटी ठेवा.

ताई, चवड्यासाठी मेटाटार्सल पॅड मिळतो, छोटा फुगीर थेंबासारखा. तो दुखतं तिथे चिकटवायचा नाही! हाडांच्या टोकांच्या किंचित मागे लावायचा म्हणजे हाडं पसरतात आणि नसेला जागा मिळते. बरोबर खाली लावला तर आणखी दुखेल.

आणि हे मनावर घ्या: शूज काढल्यावरही बधिरपणा राहत असेल, रात्री झोपेत दुखत असेल, एकाच हाडावर बोट ठेवलं की कळ येत असेल किंवा सूज असेल तर राइड बंद आणि डॉक्टर. डायबेटिस असणाऱ्यांनी तर बधिरपणावर घरचे प्रयोग करूच नयेत.

चाकावरची_मी:
तीन आठवड्यांनी लिहितेय. इनसोलवर उभी राहिले तर करंगळीकडची बाजू चक्क बाहेर, उजवीकडे जास्त! क्लीट लाल नव्हती, पिवळीच होती, पण पार पुढे लावलेली. आधी फक्त पट्टी सैल केली, ४० ची आग ५५ वर गेली. मग क्लीट ३ मिमी मागे, काल ७० किमी केले, बोटं बधिर नाहीत, शेवटी थोडी आग होती. रुंद शूज बघतेय, पण १०० च्या राइडला नवीन शूज घालायचे की हेच?

घाटवेडा:
हेच. नवीन शूज लांबच्या राइडला पहिल्यांदा कधीच नाही. दर तासाला दोन मिनिटं उतरा, पट्ट्या उघडा, बोटं मोकळी करा. आग सुरू व्हायच्या आधी उतरायचं, झाल्यावर नाही.