घरगुती थर्मल कॅमेरा: फोनला लावायचा घ्यावा की स्वतःच्या स्क्रीनचा?

धागाकर्ता, जळगाव
थर्मल कॅमेरा, म्हणजे वस्तूंचं तापमान चित्रात दाखवणारा, घ्यायचा आहे. बजेट वीस-पंचवीस हजार. कामं चार: घरातला डीबी (विजेच्या स्विचांचा मुख्य बोर्ड), केळीच्या बागेतल्या मोटरीचा स्टार्टर, स्लॅबची ओल आणि रविवारी टेबलावर चालणारी सर्किट-दुरुस्ती. माझं मत असं की या पैशांत फोनच्या टाइप-सी पोर्टला लावायचा, २५६×१९२ पिक्सेलांच्या सेन्सरचा कॅमेराच घ्यावा. इन्फिरेचा पी२ प्रो किंवा टॉपडनचा टीसी००१. स्वतःची स्क्रीन हवी म्हटलं की तेवढ्याच पैशांत सेन्सरवर तडजोड करावी लागते, समजा ८०×६० पिक्सेलांवर यावं लागतं.

हिशेब मांडतो. लेन्स ५० अंशांची धरली तर एक मीटरवरून साधारण ९३ सेंटिमीटर रुंदी चित्रात येते. २५६ पिक्सेलांत वाटली की एका पिक्सेलच्या वाट्याला साडेतीन मिलिमीटरच्या थोडं वर. ८०×६० मध्ये तेच पावणेबारा मिलिमीटर. तापमान भरवशाचं यायला वस्तू निदान तीन पिक्सेल रुंद लागते. म्हणजे २५६ चा कॅमेरा घेऊन अर्ध्या मीटरवर आलं की एमसीबीचा (बोर्डातल्या ट्रिप होणाऱ्या स्विचचा) स्क्रू पकडता येतो. ८०×६० ला तिथंही आजूबाजूच्या प्लास्टिकसकट सरासरीच मिळते.

भुसावळचा वायरमन
भाऊ, हिशेब बरोबर, पण तो सावलीतला. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ वर जातो. शेडमध्ये पत्र्याखाली फोन आधीच तापलेला, त्यात कॅमेरा त्याच फोनची बॅटरी खातो. फोनलाच लावायच्या फ्लिर वन प्रोला स्वतःची बॅटरी आहे, पण कंपनीनेच त्याची वापराची मर्यादा ३५ अंश दिली आहे. त्यात पिक्सेल १६०×१२० आणि सेकंदाला नऊहून कमी चित्रं. खानदेशात तो हिवाळ्यातच चालवायचा का?

दुसरी गोष्ट अ‍ॅपची. पुढं फोन बदलला आणि नव्या अँड्रॉइडवर अ‍ॅप चाललं नाही तर कॅमेरा कपाटात. मी तर म्हणेन थोडे थांबा, पैसे जमवा आणि युनि-टीच्या यूटीआय२६०बी सारखा हातात धरायचा घ्या. सेन्सर तोच २५६×१९२, स्क्रीन स्वतःची, आणि उघड्या पॅनेलसमोर फोन सांभाळायची कसरत नाही.

धुळ्याचे आबा
दोघंही खर्चाच्या मागं लागलात. उन्हाळ्याआधी मेन बंद करून सगळे टर्मिनल कसून घ्या, आणि हजार-दीड हजाराची इन्फ्रारेड गन (रोखून लांबून तापमान मोजायची) ठेवा. घरात एवढं पुरे.

भुसावळचा वायरमन
आबा, कसून घेणं शंभर टक्के मान्य, ते कॅमेरा असला तरी करायचंच. गनचं मात्र पटत नाही. साध्या गनचं अंतर आणि मोजलेल्या गोलाची रुंदी यांचं प्रमाण १२:१ असतं. दीड फुटावरून ती जवळपास चार सेंटिमीटरच्या गोलाची सरासरी सांगते, लाल ठिपका दिसतो तेवढ्याच जागेची नाही. तीन फेजपैकी एका फेजचं लग (वायरच्या टोकाचा धातूचा जोड) तापलेलं असेल तर कॅमेऱ्यात ते क्षणात उठून दिसतं. गनने तुम्ही नेमकं तिथं रोखलं तरच सापडणार.

अभियांत्रिकीचा विद्यार्थी, शिरपूर
ज्यांना शिकायचंच आहे त्यांनी एमएलएक्स९०६४० हा थर्मल सेन्सर ईएसपी३२ या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डाला जोडावा. ३२×२४, म्हणजे ७६८ पिक्सेल. डीबी तपासायला उपयोग नाही, पण कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा खऱ्या तापमानाशी जुळवणं, काय असतं ते स्वतःच्या हातानं कळतं.

चाळीसगावकर
कोणता घ्यायचा यावर भांडताय, पण आकडा खोटा कधी येतो हे कुणीच बोलत नाही. चकचकीत तांबं-अ‍ॅल्युमिनियम स्वतःची उष्णता फारच कमी फेकतं, समोरच्याची परावर्तित करतं. बसबार (बोर्डातली वीज वाहणारी धातूची पट्टी) ८० अंशांवर असला तरी कॅमेरा ४० च्या आसपास दाखवू शकतो. उपाय सोपा: मेन बंद करून त्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवा, सेटिंगमध्ये एमिसिव्हिटी (पृष्ठभाग स्वतःची उष्णता किती फेकतो तो आकडा) ०.९५ ठेवा, मग पुरवठा चालू करा. शिवाय मोटर चालू असताना, लोडवरच बघा. रिकाम्या लाइनवर सगळं थंडच दिसतं.

ओलीबद्दल तर फारच गैरसमज आहेत. कॅमेरा भिंतीच्या आत बघत नाही. पाणी वाफ होताना पृष्ठभाग गार पडतो, तो गारवा दिसतो. मे महिन्यात गळती सुकलेली असेल तर स्लॅब सगळीकडं सारखाच दिसणार. पाऊस पडून गेल्यावर बघा. माझ्या मामांच्या जुन्या धाब्याच्या घरात मातीचा थर इतका जाड आहे की दुपारचं ऊन आतल्या बाजूला संध्याकाळनंतर जाणवतं. अशा छताचं चित्र भरदुपारी घेऊन काही कळत नाही.

धागाकर्ता, जळगाव
टेपची युक्ती लगेच टिपून घेतली. तापण्याचा मुद्दा वजनदार आहे, पण माझी तपासणी सकाळी सहा-सातला होते, तेव्हाच आमच्या फीडरला (शेताच्या वीजवाहिनीला) वीज असते. शिवाय सर्किटवरच्या बारीक रेझिस्टरसाठी मॅक्रो (अगदी जवळून बघायची) लेन्स लागते, ती पी२ प्रोला चुंबकाने लावता येते. त्यामुळं मी फोनवाल्याच्याच बाजूने.

भुसावळचा वायरमन
मग विकत घ्यायच्या आधी दुकानात आपल्याच फोनला जोडून, इंटरनेट बंद करून अ‍ॅप चालवून बघा. तिथं अडलं तर माझं ऐका.