हिरड्यांतून रक्त येतंय, मुलीचा ब्रश बंद करावा का?

पिंपळपान: मुलगी साडेसहा वर्षांची. ब्रश करताना थुंकीत रक्त दिसतं. खालच्या पुढच्या दातांलगतच्या हिरड्या लाल, फुगलेल्या, दुखत नाहीत. दात किडलेले नाहीत. सासूबाई म्हणतात ब्रश बंद कर, बोटाने लाल मंजन लाव. व्हिटॅमिन सीच्या गोळ्या द्याव्यात का?

दाढेखालचा: ब्रश बंद केलात तर रक्त वाढेल. हिरडीच्या कडेला जंतूंचा चिकट थर बसतो, त्याने हिरडी सुजते आणि जरा धक्का लागला की रक्त येतं. मंजन खरखरीत असतं, शिवाय बोट त्या कडेपर्यंत पोचत नाही. (मशेरी तर नकोच, त्यात तंबाखू असते.) खाणंपिणं नीट असेल तर गोळ्यांचा उपयोग नाही.

रात्रीचा ब्रश तुम्ही करून द्या. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांचा हात तेवढा वळत नाही. तिच्या मागे उभं राहा, डोकं स्वतःला टेकवून घ्या, खालचा ओठ बोटाने ओढा. मऊ, छोट्या डोक्याचा ब्रश हिरडीच्या कडेवर तिरका टेकवून जागच्या जागी हलवायचा. दोन मिनिटं. दातांची आतली बाजू हमखास राहते. पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी, फ्लोराइड १००० पीपीएम; मुलांच्या बऱ्याच पेस्टमध्ये कमी असतं, ट्यूब वाचून घ्या. यवतमाळ-चंद्रपूरकडे बोअरचं पाणी पीत असाल तर मात्र आधी दंतवैद्यांना विचारा, तिथे काही गावांत पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं.

सुरुवातीचे काही दिवस रक्त येईलच. एक-दोन आठवड्यांत कमी व्हायला हवं.

चिंचगूळ: खालच्या दातांच्या आतून पिवळट, टणक काही लागतंय का? ते किटण. लाळेतल्या क्षारांमुळे तिथेच आधी जमतं आणि ब्रशने निघत नाही, दवाखान्यात काढून घ्यावं लागतं. काढून घेतल्याने दात सैल होतात हा गैरसमज आहे. शेवटच्या दुधाच्या दाढेमागेही बघा. या वयात तिथे पक्की दाढ येते आणि अर्धवट झाकलेल्या हिरडीखाली अन्न अडकतं.

पिंपळपान: किती दिवस थांबायचं?

दाढेखालचा: दोन आठवडे. पण हात न लावता रक्त येत असेल, अंगावर निळे डाग किंवा फिकेपणा असेल, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे. रक्ताची तपासणी लागते. ताप येऊन तोंडभर फोड आले तर बहुधा हर्पिसचा विषाणू, तो १०-१४ दिवसांत आपोआप बरा होतो. अँटिबायोटिक चालत नाही. पाणी पोटात जातंय ना, एवढं बघायचं. फिटसाठी फेनिटोइन चालू असेल तर त्यानेही हिरड्या वाढतात, पण ते औषध स्वतःहून बंद करू नका.

चिंचगूळ: सहाव्या वर्षी पुढचे दुधाचे दात हलणं नेहमीचंच. चारच्या आत, मार न लागता हलले तर दाखवा.