मदत हवी आहे: फायबर पंचायतीपर्यंत आलंय, आमच्या गावात कसं आणायचं? (शिनोर तालुका, वडोदरा)

नमस्कार मंडळी,

मी बडोद्याची, रावपुऱ्यात राहते. शिनोर तालुक्यात नर्मदेकाठी आमचं जुनं घर आहे, तिथे गावातल्या मुलींसाठी अभ्यासिका सुरू केली आहे. पुस्तकं आहेत, पंखे आहेत, वीजही बऱ्यापैकी असते. इंटरनेट मात्र नाही आणि त्यावाचून सगळं अडतंय.

आमची गट ग्रामपंचायत, म्हणजे काही गावांची मिळून एक. पंचायतघर शेजारच्या गावात, 3 किलोमीटरवर. तिथे भारतनेटचं, म्हणजे ग्रामपंचायतींपर्यंत इंटरनेट नेण्याच्या केंद्राच्या योजनेचं, फायबर पोचलंय. भिंतीवरच्या पेटीत ‘पॉन’चा (फायबरवर सिग्नल येत असल्याचा) हिरवा दिवा लागलेला मी स्वतः पाहिला, म्हणजे केबल चालू आहे. पण तिचा आमच्या गावाला काही उपयोग नाही. गाव घळींच्या आडोशाला, मोबाइलची रेंज गच्चीवर मिळते, खोलीत नाही. परवा एका मुलीला ओजसवर, म्हणजे गुजरात सरकारच्या नोकरभरतीच्या संकेतस्थळावर, भरतीचा अर्ज भरायचा होता. फोटो चढेपर्यंत पान बंद पडायचं, की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी भावाच्या मोटरसायकलवर शिनोरला सायबरवाल्याकडे गेली. ज्यांच्या भावाला सवड नसते, त्यांचा अर्ज राहूनच जातो. सयाजीरावांच्या काळात याच मुलखात फिरत्या ग्रंथपेट्या गावोगाव पोचत होत्या, म्हणून हे जास्तच लागतं.

वाचलं त्यावरून एवढं कळलं: ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने भारतनेटचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला, सुमारे 1 लाख 39 हजार कोटींचा. पंचायती रिंगमध्ये जोडायच्या, म्हणजे एकीकडे केबल तुटली तरी दुसरीकडून चालू राहील. आणि पंचायतीचं ठाणं नसलेली गावं मागणीनुसार जोडायची. माझं घोडं इथेच अडलंय. ही मागणी करायची कुणी आणि कुणाकडे? ग्रामसभेचा ठराव पुरतो का? एका खाजगी केबलवाल्याला विचारलं तर ‘चार घरांसाठी एवढी केबल परवडत नाही’ म्हणाला. थोडा खर्च मी उचलेन, पण जोडणी माझ्या नावावर नको. मी नसले तरी ती चालायला हवी. कुणी असं काम करून घेतलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

करजणकर:
ताई, अंतराची काळजी नको. एका फायबरवरून साधारण 20 किलोमीटरपर्यंत घरगुती जोडण्या देता येतात, मध्ये स्प्लिटर (एका फायबरच्या अनेक शाखा करणारा भाग) लावून. अडतं ते खांब आणि गिऱ्हाइकं यांवर. विजेच्या खांबांवरून केबल न्यायची तर वीज कंपनीची परवानगी लागते, आणि केबल उंच ताणून घ्या, कापसाने भरलेली ट्रॉली खालून गेली की तुटतेच. ठराव जरूर करा, पण सोबत जोडणी घ्यायला तयार असलेल्या घरांची सह्यांची यादी जोडा. प्रत तालुका पंचायतीत टीडीओंकडे (तालुका विकास अधिकाऱ्यांकडे) देऊन पोच घ्या. यादी बघून केबलवालाही वेगळं बोलेल.

तोवर रेडिओ लिंक, म्हणजे बिनतारी जोडणी, बघा. पंचायतघराच्या गच्चीवर एक डिश, तुमच्याकडे एक. 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातला बराच भाग 2018 पासून परवानामुक्त आहे. मात्र समोरासमोर दिसायला हवं, आणि पंचायतीची लेखी संमती हवी. पुढे गावभर वाय-फाय द्यायचं झालं तर पीएम-वाणीत (केंद्राच्या सार्वजनिक वाय-फाय योजनेत) पीडीओ, म्हणजे वाय-फाय पुरवणारं छोटं केंद्र, व्हा, त्यालाही परवाना लागत नाही.

धागाकर्ती:
दादा, मनापासून आभार. यादीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, मुलींनाच घरोघर पाठवते. पंचायतघराची गच्ची आमच्या पाण्याच्या टाकीवरून दिसते, पण मधोमध चिंचेची रांग आहे. डिश किती वर घ्यावी लागेल?

करजणकर:
3 किलोमीटरला मधोमध शेंड्यांच्या वर निदान 4 मीटर मोकळं हवं. पावसाळ्यात पालवी वाढते, तेव्हाची उंची धरा.