७०-३०० मिमीच्या झूम लेन्सने फोटो शार्प येत नाहीत, मदत हवी आहे

चकवाचांदणं
रविवारी भिगवणला जाऊन आलो. फ्लेमिंगो भरपूर होते, होडी अगदी जवळ नेली होती, पण ३०० मिमीवर काढलेला एकही फोटो धड नाही. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बरे वाटतात, घरी मोठे करून पाहिले की पिसं दिसतच नाहीत. १८-५५ ने त्याच कॅमेऱ्यावर फोटो मस्त येतात, म्हणजे दोष लेन्सचाच ना? नवीन आहे, दुकानात बदलून मिळायची मुदत संपत आलीय. येत्या रविवारी परत जायचंय. कृपया लवकर सांगा.

घाटमाथा
कॅमेरा कुठला? शटर स्पीड किती, म्हणजे शटर किती वेळ उघडं होतं? आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता? वेळ कुठली? यातलं काहीच न लिहिता लेन्स खराब आहे का हे कोण सांगणार?

भटक्या७
७०-३०० पक्ष्यांसाठी नाहीच हो. मी १५०-६०० घेतली आणि विषय संपला. मुदतीत परत करा, वर पैसे घालून तीच घ्या.

खंड्या
भटक्या, त्यांनी कुठली लेन्स घेऊ असं विचारलेलं नाही. आणि हात हलत असेल तर ६०० मिमीवर तो दुप्पट दिसेल.

चकवाचांदणं
कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे लहान सेन्सरचा, १.५ पट जवळचं दाखवणारा. पी मोड, शटर आणि छिद्र कॅमेराच ठरवतो तो. वेळ साडेअकराच्या पुढची, ऊन कडक होतं. नॉइज (फोटोतले दाणे) नको म्हणून आयएसओ १०० ठेवला होता. आत्ता पाहिलं, बहुतेक फोटोंत शटर १/२५० सेकंद आणि लेन्सचं छिद्र एफ/१० आहे. स्टॅबिलायझर चालू होता, म्हणून हात हलायचा प्रश्न नसावा.

घाटमाथा
मग दोष लेन्सचा म्हणायची घाई नको. हातात धरून काढताना शटर निदान एक भागिले लेन्सचे मिमी इतका वेगवान हवा. ३०० मिमी गुणिले १.५ म्हणजे ४५०, तेव्हा स्थिर वस्तूलासुद्धा निदान १/५०० हवा. स्टॅबिलायझर तुमच्या हाताची थरथर सांभाळतो, पक्ष्याची हालचाल थांबवत नाही. चालणाऱ्या फ्लेमिंगोला १/१०००, उडणाऱ्याला १/२००० च्या आसपास. त्याच उन्हात आयएसओ ४०० आणि एफ/८ केलंत तर साधारण १/१६०० मिळतो. ४०० ला येणारा नॉइज काही त्रास देत नाही. हललेला फोटो मात्र सॉफ्टवेअरने पूर्ण नीट होत नाही.

पिंपळपान
ट्रायपॉड वापरा. माझे सगळे फोटो ट्रायपॉडवरचे आहेत, स्टॅबिलायझर बंद करून. त्याला पर्याय नाही.

उजनीकाठ
पिंपळपान, होडीत ट्रायपॉड? इंजिनाची थरथर पायांतून सरळ कॅमेऱ्यात चढते. मी याच भागातला आहे, दर हिवाळ्यात होडीतून फोटो काढतो. तळाशी मांडी घालून बसायचं, कोपर गुडघ्यावर टेकवायचं आणि नावाड्याला लांबूनच इंजिन बंद करायला सांगायचं. दादा, थोडं वल्ह्याने घ्या म्हटलं की घेतात. पक्षीही बुजत नाहीत.

पिंपळपान
मी काठावरून फोटो काढतो, तिथलं सांगितलं.

खंड्या
मग तसं लिहा ना, नवीन माणूस होडीत ट्रायपॉड घेऊन जाईल.

सोनकी
लेन्सला बुरशी येऊ नये म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा. कोकणात पावसाळ्यात फार जपावं लागतं.

घाटमाथा
चकवाचांदणं, फोटो १०० टक्के मोठा करून नीट बघा. सगळं एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसतं का? तर हात हलला. मागचं गवत स्वच्छ आणि पक्षी पुसट? तर फोकस चुकला. पाय स्वच्छ आणि फक्त पंख पुसट? तर पक्षी हलला. आणि कडा पाण्याखालून पाहिल्यासारख्या वेड्यावाकड्या असतील तर ती तापलेली हवा. त्यावर कितीही महागडी लेन्स उपयोगाची नाही. एकच उपाय, लवकर जा आणि जवळून काढा.

उजनीकाठ
हवेचं अगदी खरं. दहानंतर पाण्यावर लांबचं सगळं थरथरताना दिसतं. सूर्य उगवतानाच होडीत बसा, उजेडही मऊ असतो. मात्र तेव्हा आयएसओ ८०० किंवा १६०० करायला घाबरू नका.

चकवाचांदणं
पाहिलं. लांबच्या थव्याच्या कडा वेड्यावाकड्याच आहेत. जवळच्या फोटोंत मागच्या झुडपाच्या काटक्या स्पष्ट आहेत आणि फ्लेमिंगो पुसट. म्हणजे फोकस?

खंड्या
हो. फोकसचे सगळे बिंदू चालू ठेवलेत ना? कॅमेरा त्याला सोपं जाईल ते पकडतो. एकच मधला बिंदू ठेवा, डोळ्यावर किंवा मानेच्या बुडाशी धरा, सतत फोकस होणारा मोड लावा आणि पाचसात फोटोंची लड काढा. पूर्ण ३०० ऐवजी २५० च्या आसपास राहून बघा, अशा बऱ्याच झूम लेन्स शेवटच्या टोकाला थोड्या मऊ, म्हणजे कमी शार्प, पडतात.

रानभूल
भिगवणला होडीचे किती घेतात? आधी बुकिंग लागतं का? आम्ही आठ जण आहोत, लहान मुलं आहेत.

उजनीकाठ
रानभूल, वेगळा धागा काढा, सविस्तर सांगतो. मुलांना लाइफ जॅकेट मागून घ्याच.

घाटमाथा
लेन्सची शंका आजच फेडून घ्या. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवा, कॅमेरा टेबलावर पुस्तकांच्या थप्पीवर ठेवा, स्टॅबिलायझर बंद, दोन सेकंदांचा टायमर. ३०० मिमीवर आधी एफ/८ ला, मग लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवून. एफ/८ ला मधली अक्षरं स्वच्छ आली तर लेन्स ठीक आहे. तेव्हाही पुसट आली तर एकदा लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून, हाताने फोकस करा. तरीही पुसटच, तर आजच दुकान गाठा.

चकवाचांदणं
केलं. एफ/८ ला बारीक अक्षरंसुद्धा वाचता येतात. पूर्ण उघडी ठेवली की किंचित मऊ. पण कोपऱ्यातल्या दिव्याभोवती धुरकट वलय दिसतंय, ते कशाचं?

खंड्या
पुढे फिल्टर लावलाय का?

चकवाचांदणं
हो, दुकानदाराने लेन्ससोबत फुकट दिलेला यूव्ही, म्हणजे अतिनील किरण अडवणारा. लिहायचं राहिलं.

घाटमाथा
तो काढा आणि तीच चाचणी परत करा. दोन्ही फोटो शेजारी शेजारी इथे टाका.