फ्री_नेटडेव्ह नंतर प्रायव्ह वापरलं: स्मॅचची वॉर्निंग खरी का खोटी?

मांजराकाठ (लातूर)
लिनक्सच्या एका जुन्या इथरनेट ड्रायव्हरवर स्मॅच (कोड न चालवता चुका शोधणारं टूल) चालवलं, दोन वॉर्निंग आल्या. पहिली रिमूव्ह फंक्शनमध्ये (ड्रायव्हर काढताना चालतं ते). फ्री_नेटडेव्ह(एनडेव्ह) नं डिव्हाइसची मेमरी सोडली, त्याच्या पुढच्याच ओळीत कॅन्सल_वर्क_सिंक(&प्रायव्ह->वर्क) (रांगेतलं काम थांबवणं) आहे, ते चूक म्हणतंय. पण प्रायव्ह (ड्रायव्हरचा स्वतःचा डेटा) तर कुणी फ्री केलेलंच नाही! दुसरी: पॉइंटर आधी वापरला, नल (रिकामा) आहे का ते नंतर बघितलं. कॅसॅन (चालत्या कर्नलमधल्या मेमरीच्या चुका पकडणारं) लावून व्हीएम बूट केली, लॉग स्वच्छ. कार्ड हाताशी नाही. पॅच पाठवावा का नाही?

दुधना
पहिली खरीच आहे. अलॉक_इथरडेव्ह मेमरीचा एकच तुकडा घेतं: आधी नेट_डिव्हाइस, त्याला लागून तुमचं प्रायव्ह. नेटडेव्ह_प्रायव्ह() नुसता पत्ता मोजून देतं, वेगळं काही घेत नाही. वावर विकलं आन् त्यातल्या विहिरीवरची मोटार चालूच ठेवली, तसलं काम आहे हे.

आजवर फुटलं नाही, कारण सोडलेल्या जागेत दुसरं कुणी येईस्तोवर जुनेच बिट पडून असतात. लोड वाढला, तोच तुकडा दुसऱ्याला गेला, की मग भलतीकडेच ऊप्स (कर्नलचा एरर रिपोर्ट) येतो आणि शोधणारा या ड्रायव्हरकडे फिरकतसुद्धा नाही.

क्रम असा लावा: अनरजिस्टर_नेटडेव्ह, मग कॅन्सल_वर्क_सिंक, मग क्लॉक बंद, फ्री_नेटडेव्ह अगदी शेवटी. कॅन्सल अनरजिस्टरच्या वर नेऊ नका. इंटरफेस अजून चालू असतो, टीएक्स टाइमआउट (पॅकेट पाठवणं अडकलं) आला की ते वर्क परत रांगेत पडतं. आणि प्रोबमधली (कार्ड सापडल्यावर चालणारं फंक्शन) एररची गोटू लेबलं पण बघा. ज्यानं रिमूव्ह असं लिहिलं त्यानं तिथंही हेच केलेलं असतं.

कयाधू
कॅसॅनला दोष देऊ नका, ते फक्त चाललेला कोड बघतं. कार्ड नाही म्हणून प्रोब नाही, प्रोब नाही म्हणून रिमूव्ह नाही. तुमची चिप क्यूएमू (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) देत असेल (आरटीएल८१३९, ई१०००, पीसीनेट वगैरे देतं) तर सिसएफएसमधल्या ड्रायव्हरच्या अनबाइंड फाइलमध्ये पीसीआय पत्ता लिहा (रिमूव्ह चालतं), मग बाइंडमध्ये (प्रोब चालतं), असं शंभरेक वेळा फिरवा, मागं ट्रॅफिक चालू ठेवून. जेनेरिक कॅसॅनची शॅडो (नोंदी ठेवायची मेमरी) रॅमच्या आठव्या हिश्श्याएवढी असते, २ जीबीच्या व्हीएमला २५६ एमबी. लॅपटॉपला तेवढं झेपत नसेल तर बूटला स्लब_डीबग=पी द्या. सोडलेली जागा ६बी या बाइटनं भरली जाते. ऊप्समध्ये ६बी६बी६बी६बी असा पत्ता दिसला की समजायचं.

दुसरीत घाई नको. &पी->डेव्ह असेल तर ती नुसती पत्त्याची बेरीज, मेमरी वाचली जात नाही. पी->डेव्ह असेल तर खरंच वाचतंय. २००९ मध्ये ट्यून (व्हर्च्युअल नेटवर्क) ड्रायव्हरमध्ये हेच झालं होतं: ट्यून->एसके आधी वाचलं, ट्यून नल आहे का ते खाली तपासलं. जीसीसी कंपायलरनं ठरवलं, वापरलाय म्हणजे नल नसणारच, आणि चेक उडवला. त्यातून सुरक्षेचं भोक पडलं. आता कर्नल असे चेक उडवू नको असा फ्लॅग देऊनच कंपाइल होतं, पण आधीचं वाचणं काही त्यानं टळत नाही. गिट ग्रेप मारून कॉलर (हे फंक्शन कुठून कुठून बोलावलंय ते) मोजा.

मांजराकाठ (लातूर)
कॉलर दोनच आहेत दादा. दोन्हीकडं नल तपासूनच पुढं जातंय.

दुधना
मग तो चेकच फालतू, काढून टाका. पण दोन्ही एका पॅचमध्ये कोंबू नका. पहिला नेट ट्रीसाठी (नेटवर्कमधल्या बग दुरुस्त्यांची): गिट ब्लेमनं मूळ कमिट काढून फिक्सेसची ओळ टाका, हॅशची १२ अक्षरं आणि कमिटचं शीर्षक. स्मॅचनं सापडलं, फक्त कंपाइल केलंय, हार्डवेअरवर तपासलं नाही, हे मजकुरात सरळ लिहा. पत्ते गेट_मेंटेनर स्क्रिप्ट देईल. दुसरा नेट-नेक्स्टचा (पुढच्या आवृत्तीच्या बदलांची ट्री), फिक्सेसशिवाय. तसं बघितलं तर जुन्या ड्रायव्हरमधली नुसती साफसफाई नेटवर्कवाले सहसा घेत नाहीत, तो नाही पाठवला तरी चालतंय.