रेड्याच्या गोठवलेल्या रेतमात्रांची प्रत रेणवीय खुणांवरून (शुक्राणूतील प्रथिने, मेद अशा घटकांवरून) कळते का?

प्रश्न (पशुपालक, करवीर, कोल्हापूर):
वितळवल्यावर शुक्राणूंची हालचाल चांगली दिसूनही काही रेड्यांच्या रेतमात्रांनी आमच्या पंढरपुरी म्हशी गाभण राहत नाहीत. गोठवलेल्या रेताचा टिकाऊपणा आधीच कळेल का?

उत्तर (पशुवैद्यक):
काही अंशी कळतो. रेड्याच्या शुक्राणूच्या आवरणात बहुअसंतृप्त मेदाम्ले भरपूर असल्याने ऑक्सिडीकरणाने त्याला लवकर इजा होते. म्हणून मेदांचे ऑक्सिडीकरण, तंतुकणिकांची (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियांची) सक्रियता आणि गोठवल्यावर घटणारे एचएसपी९० हे पेशीला ताणापासून जपणारे प्रथिन मला हालचालीपेक्षा अधिक बोलके वाटते.

उत्तर (संशोधक विद्यार्थिनी):
डीएनए घट्ट बांधणारी प्रोटॅमिने ही प्रथिने आणि बीजांड सक्रिय करणारे पीएलसी-झीटा हे प्रथिनही तपासावे. मात्र एकाच खुणेवरून रेडा बाद करणे अन्यायाचे ठरेल.

उत्तर (रेतन कर्मचारी):
आधी रेत साठवलेल्या पात्रातील द्रवनत्राची (द्रवरूप नायट्रोजनची) पातळी पाहा. उणे १९६ अंश सेल्सिअसला ठेवलेली रेताची कांडी (बारीक नळी) वारंवार वर काढल्यास उत्तम रेतही बिघडते.